टिक-टिक

चाकणच्या आमच्या कंपनीत वॉकीटॉकीची शिस्त मी लावली आणि मला तिचा माज होता. आधी समोरच्याचं नाव, मग आपलं. बटण दाबून क्षणभर थांबा, मग बोला. ऐकलेलं पूर्ण परत म्हणा. कंट्रोल रूमच्या खुर्चीतून हे मी सगळ्यांना पाठ करायला लावलं.

शेवटचा नियम मीच मोडला. क्रेन चालवणारे दत्तोबा, शेजारच्या कुरुळी गावचे जुने रहिवासी, साधा निरोपही घोळून घोळून परत म्हणायचे. "व्हय विजयश्रीताई, ऐकलं बगा, आता पत्र्याची कॉइल उचलतो, मंग तीन नंबरला ठिवतो..." एक दिवस माझं डोकं फिरलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दत्तोबा, पुराण पुरे! ऐकलं की दोनदा बटण दाबा. टिक-टिक. कळतं मला." सगळे हसले. त्या दिवसापासून सगळेच टिक-टिक करायला लागले, आणि मला काम हलकं झाल्याचा आनंद.

मंगळवारी दुपारी मी गेटवरच्या सिद्धेशला ट्रक आत सोडायला सांगितलं. तेवढ्यात फिटर समाधानचा निरोप आला, दिवा बदलायला छताखालच्या क्रेनच्या रुळावर चढायचंय. मी म्हणाले, "दत्तोबा, कंट्रोल. समाधान रुळावर जातोय. क्रेन हलवू नका."

टिक-टिक.

वहीत लिहिलं, 'दत्तोबा, ओके.' समाधानला म्हणाले, चढ.

दत्तोबांच्या सेटची बॅटरी संपलेली होती. ती टिक-टिक सिद्धेशची होती, ट्रकसाठी. क्रेन निघाली. समाधानने खांबाला मिठी मारली म्हणून जीव वाचला, पण डावं पाऊल चाकाखाली गेलं. डॉक्टरांना ते काढावं लागलं. त्याची मुलगी अजून रांगतेय.

मॅनेजर रणजीत सरांनी वही पाहिली. "दत्तोबानं ओके दिलं, तरी क्रेन हलवली. उद्या कामावरून काढल्याचं पत्र द्या त्याला."

"आमी बटन दाबलंच न्हाई, सायेब," दत्तोबा म्हणाले. कोणी ऐकलं नाही. मी तिथेच उभी होते आणि गप्प बसले. नोकरी जाईल या भीतीने गप्प बसले, दुसरं काही नाही. रात्रभर स्वतःची किळस येत राहिली.

सकाळी शिफ्ट सुरू होताच बटण दाबलं. रणजीत सरांच्या टेबलावरही सेट होता.

"सगळ्यांना, कंट्रोल. दत्तोबांपर्यंत निरोप पोचलाच नव्हता. टिक-टिक कोणाची, हे मी विचारलं नाही. ती सवय मी लावली. चूक माझी. आता एकेकाने परत म्हणा."



"कंट्रोल, गेट." सिद्धेश पहिला बोलला. "दत्तोबांपर्यंत निरोप पोचला नव्हता. चूक कंट्रोलची."

मग डॉक. मग स्टोअर. प्रत्येकाचं मी पूर्ण ऐकलं.

शेवटी दत्तोबा. "व्हय ताई. ऐकलं."

"असं नाही चालणार, दत्तोबा. पूर्ण म्हणा."

"ऱ्हाऊ द्या की, ताई."

"म्हणा."

बटण दाबलेलं होतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"चूक... ताईची," ते म्हणाले, आणि रडायला लागले.