समोरची आणि शिणवटा

इस्पितळाच्या लाँड्रीत चादरीचं दुसरं टोक धरून जी बाई उभी असायची, तिला माई मनातल्या मनात 'समोरची' म्हणायची. नाव होतं तिला, पण ते माईच्या जिभेवर बसेना, आणि माईचं तिच्या. दोघी दोन वेगळ्या मुलखांतून या परक्या देशात आलेल्या. एकीची भाषा दुसरीला ओ की ठो कळत नव्हती. मधे होती ती मोडकीतोडकी इंग्रजी. गुड मॉर्निंग, टी, बाय.

ड्रायरमधून गरम चादर निघायची. दोघी टोकं धरून झटका द्यायच्या, चादर फुगून वर जायची आणि समोरची दिसेनाशी व्हायची. मग चादर हळूहळू खाली उतरली की आधी तिचा अंबाडा, मग कपाळ, मग हसरे डोळे. माईला वाटायचं, आपण एका पांढऱ्या तळ्याच्या दोन काठांवर उभ्या आहोत आणि मधलं पाणी श्वास घेतंय. चालत जवळ यायचं, टोकाला टोक जुळवायचं, बोटांना बोटं लागायची, की पुन्हा लांब.

अलीकडे मात्र चादर खाली आली की समोरचीचे डोळे मिटलेले असायचे.

"टायर्ड?" माईने विचारलं.

"टायर्ड," ती म्हणाली.

पण तो शब्द तर सगळेच म्हणायचे, अगदी सकाळी आल्या आल्यासुद्धा. त्याच्या पलीकडचं विचारायला माईजवळ काही नव्हतं.

घरी लेक लसूण सोलत बसली होती. माईने तिच्याशेजारी बसकण मारली.

"अगं, थकण्याला इंग्रजीत आणखी काय काय म्हणतात?"

"कोण थकलंय? तू?"

"मी कशाला थकतेय! तू शब्द सांग."

"काम अवघड असलं तर हार्ड. फारच जिवावरचं असलं तर बॅकब्रेकिंग. पाठ मोडणारं."

"त्यांची पाठ मोडते होय? आपली तर कंबर मोडते."

"आणि माणूस पार गळून गेलं तर एक्झॉस्टेड."

"एक्झॉस्ट? तो भिंतीतला पंखा?"

लेकीची हसून हसून पुरेवाट झाली. "तोच समज. आतलं सगळं बाहेर फेकून झालं, उरलं काही नाही."

माई हसली नाही. "आणि अंग आंबून जाणं? त्याला?"

लेकीने हातातली पाकळी तशीच धरून बराच विचार केला. "त्याला नाही गं सुचत काही."

पुढे कितीतरी दिवस माई ते शब्द तोंडात घोळवत राहिली. वाफेत ते तिला माणसांसारखे दिसू लागले. हार्ड डोक्यावर गाठोडं घेऊन ताठ निघून जायचा. बॅकब्रेकिंग वाकून, भिंतीचा आधार घेत यायचा. एक्झॉस्टेड मात्र बाईमाणूस होती. ती कुठे जायची नाही की यायची नाही. मळक्या कपड्यांच्या ढिगावर पाठ करून बसलेली असायची.

अशाच एका दुपारी चादर वर गेली, खाली आली, आणि समोर कुणीच नव्हतं.

समोरची भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, टोक अजून मुठीत. माईने धावत जाऊन तिला पाणी पाजलं. तेवढ्यात सुपरवायझर आला. माणूस वाईट नव्हता, पण कायम घोड्यावर स्वार.

"सिक?" त्याने विचारलं.

"नो, नो, ओके," म्हणत समोरची उठू लागली. आजारी म्हटलं तर कामावरून काढतील, ही धास्ती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. माईने तिला खांदा दाबून खाली बसवलं.

"नॉट सिक," माई म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "शी इज एक्झॉस्टेड. वर्क बॅकब्रेकिंग. ऑल डे स्टँडिंग. नो चेअर."

सुपरवायझर थबकला. एकदा तिच्याकडे, एकदा माईकडे बघत राहिला.

"अँड यू?"

हे माईला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, लेकीने विचारलं तर तिनेच उडवून लावलेलं.

"मी पण," ती मराठीतच बोलून गेली. मग सावरून म्हणाली, "मी टू." म्हणता म्हणता तीही समोरचीच्या शेजारी खाली बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेचना.

सुपरवायझर "वर विचारतो" म्हणाला, तेव्हा दोघींनाही काही खरं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी एका वॉर्डातली दोन जुनी स्टुलं आली आणि दुपारच्या चादरी दुसऱ्या जोडीकडे गेल्या. आता दुपारी दोघी बसून टॉवेलांच्या घड्या घालायच्या, समोरासमोर नाही, शेजारी शेजारी.

"यू," समोरची एकदा म्हणाली, "युअर लँग्वेज. टायर्ड?"

माईने थोडा विचार केला. "शिणवटा."

"शीन... वाटा," ती म्हणाली. मग छातीवर हात ठेवून तिने आपला शब्द सांगितला. लांबलचक होता, मऊ, शेवटी नुसता उच्छ्वास. माईला तो काही केल्या जमेना. दर खेपेला ती भलतंच काहीतरी म्हणायची आणि समोरची तोंडावर टॉवेल धरून हसायची. मग माईलाही हसू आवरेना. घड्या राहिल्या बाजूला, दोघी स्टुलांवर डुलत कितीतरी वेळ तो एकच शब्द म्हणत बसल्या.