संत लूकचे डोळे

मित्रांनो, पोथी होण्याआधी मी शेळ्यांचा एक कळप होते. पिंडस डोंगराच्या उतारावर चरत होते, पावसात भिजत होते. मग एका मठातल्या साधूंनी त्या शेळ्यांची कातडी चुन्यात बुडवली, ताणली, घासून पातळ केली आणि त्यांवर ग्रीक अक्षरांत वर्षभराची शुभवर्तमानाची वाचने लिहिली. कुठल्या रविवारी काय वाचायचे, कुठल्या सणाला काय, सगळे क्रमाने. आवाज कुठे चढवायचा आणि कुठे उतरवायचा, त्याच्या खुणा लाल शाईने केल्या. कळपाची सवय मात्र सुटली नाही. हवा दमट झाली की माझी पाने अजूनही एकमेकांना बिलगतात.

माझ्या चार भागांच्या आरंभी शुभवर्तमाने लिहिणाऱ्या चार संतांची चित्रे होती, मागे अस्सल सोन्याचा मुलामा. त्यांतला लूक मला सर्वांत आवडे. तो वैद्य होता आणि चित्रकाराने त्याची नजर फार मायाळू काढली होती.

मठ ओस पडला, तेव्हा एका खेचराच्या पाठीवरून मी अग्रापिद्या गावच्या चर्चमध्ये आले. तिथे माझा थाट काय सांगू! म्हातारेकोतारे वाकून माझ्या पुठ्ठ्याचे चुंबन घेत. ताप आलेल्या लेकरांच्या डोक्यावर मला ठेवत. मी जरा शेफारलेच होते.

त्या गावाची एक रीत होती. कोणाची दृष्टी जाऊ लागली की बायका चर्चच्या भिंतीवरच्या संतांचे डोळे चाकूने खरवडत आणि ती पूड तीर्थात कालवून आजाऱ्याच्या डोळ्यांत घालत. हात पोहोचेल तिथवरचे सगळे संत असे आंधळे झाले होते.

एका वर्षी, ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात, झाम्बेता नावाची विधवा आपल्या लहान मुलीला घेऊन आली. मुलीचे नाव आसिमो. तिचे दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे झाले होते.

"पाद्रीबाबा, भिंतीवर एक डोळा उरला नाही हो," झाम्बेता म्हणाली.

"वरच्या रांगेत आहेत की. शिडी लाव," पाद्री लिनार्दोस म्हणाले.

"वर सगळे भालेवाले शिपाईगडी! त्यांना माझ्या पोरीच्या डोळ्यांतलं काय कळणार? लूक वैद्य होता. तो तुमच्या पोथीत आहे."

"खबरदार! भिंत परत रंगवता येते, बाई. पोथी येत नाही."

"आणि पोरगी?"

पाद्रीबाबांनी स्वतःच चाकू आणून दिला. मित्रांनो, मला फार दुखले. पण त्याहून वाईट वाटले ते लूकच्या चेहऱ्याचे. त्या मायाळू नजरेच्या जागी दोन भुरकट खळगे उरले. झाम्बेताने ती पूड तीर्थात कालवून आसिमोच्या डोळ्यांत घातली. पानावर उडालेले तीर्थ सुकावे म्हणून पाद्रीबाबांनी मला पडद्याआडच्या वेदीवर तशीच उघडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी घरात अंथरुणावर पडल्यापडल्या आसिमो म्हणाली, "आई, दिसतंय."

"काय दिसतंय गं, राणी?"

"पाद्रीबाबा. पडद्याआड बसून चीज खातायत."

झाम्बेता मुलीला कडेवर घेऊन चर्चकडे धावली. पडद्याआडून पाद्रीबाबा दाढी पुसत बाहेर आले. उपवासात त्यांनी खरोखरच चीज खाल्ले होते, पण ते पाहायला आत कोणी नव्हते. फक्त मी होते. त्यांनी मुलीकडे पाहिले. तिचे डोळे अजून पांढरेच होते. मग त्यांनी परत आत येऊन हळूच लूकच्या पानावर तळहात ठेवला.

पडद्यापलीकडून आसिमो ओरडली, "हात काढा ना! काळं काळं झालं!"

पाद्रीबाबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

त्या दिवसापासून त्यांनी मला पोथी ठेवायच्या उंच लाकडी घोडीवर लूकच्या पानाशी उघडून लोकांसमोर ठेवले आणि वाचने तोंडपाठ म्हणू लागले. आसिमो माझ्यासमोर उभी राही आणि स्वतःलाच बघे. "ही कोण?" तिने पहिल्यांदा विचारले. खात्री पटावी म्हणून तिने आपले नाक ओढून पाहिले आणि खुदकन हसली. तिच्या हसण्याने मी खरवडल्याचे दुःख विसरले.

गाव मात्र धास्तावले. पान आपल्याकडे बघते, असे लोक कुजबुजू लागले. ईस्टरच्या दिवशी चर्चचा कारभारी थिमिओस पुढे आला.

"सणाचं वाचन तोंडपाठ? असं कुठं असतं का, पाद्रीबाबा? माझ्या बापजाद्यांनी पोथीतूनच ऐकलंय!"

असे म्हणून त्याने माझी पाने फडाफडा उलटली आणि मला ईस्टरचे वाचन असलेल्या पहिल्या पानाशी उघडले. लूकच्या पानावर समोरचे पान पडले. आसिमोने फोडलेली किंकाळी माझ्या दोऱ्यांपर्यंत पोहोचली.

"आई! कोणीतरी माझ्या तोंडावर तोंड ठेवलंय!"

झाम्बेताने शेजारच्या मेजावरची पवित्र रोटी कापायची सुरी उचलली, पाने परत उलटली आणि लूकचे पान माझ्या पाठीपासून सर्रकन कापून काढले.

"पाप लागेल!" थिमिओस ओरडला.

"लागू दे मला!" ती म्हणाली. पाद्रीबाबा छताकडे बघत राहिले.

पान माझ्यापासून तुटले, पण ते माझेच अंग होते. त्याला दिसे ते मला चर्चमध्ये पडल्यापडल्या कळे. मोठी झाल्यावर आसिमोने त्याला चौकट केली. घरात ती ते चुलीसमोर टांगून घेवडा शिजवी. बाहेर जाताना गळ्यात अडकवून छातीवर धरी. तिने संसार केला, मुले वाढवली, नातवंडे पाहिली, सारे त्याच पानातून. शेवटी ती गेली, तेव्हा घरच्यांनी ते चौकटीतून काढून तिच्या चेहऱ्यावर ठेवले आणि तिला पुरले.

काही वर्षांनी, तिथल्या रिवाजाप्रमाणे, हाडे वाइनने धुऊन अस्थिगृहात ठेवायला कबर उघडली. तिच्या नातीने, मालामोने, वाइनचा वाडगा बाजूला ठेवून ते पान उचलले आणि किंचाळून टाकून दिले. पान कुजले नव्हते. म्हाताऱ्या, दाढीवाल्या लूकच्या चेहऱ्यावर लहान मुलीचे दोन डोळे होते. तपकिरी, ओलसर, अगदी जिवंत.

लोकांनी घाईघाईने ते पान माझ्यात शिवले आणि मला करकचून मिटले. तेव्हापासून मला मिटले की माझ्या आत कोणीतरी रडते. सुरुवातीला मला वाटले, माझेच दोरे कुरकुरतात.

पुढे मी विकली गेले, हातोहाती फिरले आणि उत्तरेकडच्या एका थंड शहरातल्या संग्रहालयात आले. हे डोळे नंतर कोणी रंगवले, यावर विद्वान मंडळी वाद घालत. मी काचेच्या पेटीत लूकच्या पानाशी उघडी असे. रोज माणसे येत, वाकून बघत, आणि माझ्या आत सारे शांत असे. ते दिवस खरोखर सुखाचे होते.

मग एके दिवशी शाळेची सहल आली. एका मुलीने काचेला नाक लावले आणि ओरडली, "बाई, हे आजोबा रडतायत!"

आपल्याएवढी पोर इतक्या जवळून पाहून आसिमोचे डोळे भरून आले होते. संग्रहालयातली माणसे धावत आली. पानाला ओल धरली आहे, असे त्यांनी ठरवले. फार प्रेमाने, फार जपून त्यांनी मला मिटले, मऊ कापडात गुंडाळले आणि एका घट्ट पेटीत ठेवले. मी आता तिथेच आहे. मी पोथी आहे, मला मिटून पडायची सवय आहे. आसिमोला नाही.

मित्रांनो, जपणे म्हणजे नुसते बंद करून ठेवणे नव्हे. कधी या बाजूला आलात, तर मला उघडायला सांगा. माझे सोने, माझी अक्षरे नाही पाहिलीत तरी चालेल. नुसते समोर उभे राहा आणि तिला तुमच्याकडे बघू द्या.