ओल्या वाळूवरची राहुटी

"मंग मी जाऊ काय?" बनाबाई नवऱ्याला म्हणाली, आणि खुंटीवर उगारलेला कचरूच्या हातातला लाकडी मोगर हवेतच राहिला.

अंगणात शेवटची राहुटी उभी होत होती. लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या या खाकी राहुट्यांवर कचरूचं पोट चाले. लग्न असो, जत्रा असो, उंद्री गावाच्या आसपास कुठंही कापड उभं करायचं म्हटलं की निरोप त्यालाच. पण या मे महिन्यातलं काम वेगळं होतं. नव्या राज्याला दुसरं वर्ष लागलं होतं आणि हायस्कूलचे माणिकराव मास्तर पोरांना घेऊन कोकणात निघाले होते. "आजवर साहेबलोक उन्हाळ्यात समुद्रकाठी तंबू टाकून राहायचे," ते पारावर सांगत होते. "आता आपली पोरं राहतील!" सोबत कचरूच्या राहुट्या आणि त्या ठोकणारं एक माणूस. गाडीभाडं एकाचंच.

ते माणूस कचरूच असणार, यात कुणालाच शंका नव्हती. त्याने दोर नवे वळले होते, खुंट्या तासून घेतल्या होत्या, स्वतःसाठी पांढरी टोपीही आणली होती.

"तू? काऊन?"

"तुमी त पाह्यला हाये समुद्र. म्या कुठी पाह्यला? अन् गाठ मले मारता येते, खुंटी ठोकता येते. तुमीच त शिकवलं."

कुंपणापलीकडून शेजारची भिमाबाई ओरडली, "जाऊ दे ना रे कचरू! तू त लाटायले टेकून तंबू ठोकून आला म्हंतं!"

कचरूने मोगर खाली ठेवला. लढाईच्या काळात तो देवळालीच्या छावणीत तंबू ठोकायला होता. तिथून डोंगर दिसतात, समुद्र नाही. पण गावी परतल्यावर कुणीतरी विचारलं, 'मुंबईले गेल्ता काय, समुद्र पाह्यला काय?' आणि तो 'हाव' म्हणून बसला. त्या एका 'हाव'ला पुढं लाटा फुटल्या, जहाजं लागली. लग्नानंतर बनाला तर त्याने तो समुद्र रोज थोडा थोडा सांगितला होता. ती पापणी न हलवता ऐकायची.

आता नाही म्हटलं तर एक तर तो हावरा ठरणार, नाही तर खोटा.

"जाय," तो म्हणाला. "आपलं काय, पाह्यलेलाच हाये."

निघायच्या दिवशी सगळी उंद्री थांब्यावर लोटली. राहुट्या टपावर चढल्या, पोरं खिडक्यांतून लोंबकळू लागली. कंडक्टर घंटी वाजवून थकला, तरी कुणाची आई कुणाला तरी चिवड्याची पुरचुंडी द्यायची राहिलेलीच होती. बनाबाई नवं लुगडं नेसून खिडकीशी बसली होती आणि उगाचच हसत होती. कचरूने तिच्या कानाशी तोंड नेलं. नदीच्या पात्रावरून त्याने मनाशी अंदाज बांधला होता.

"पान्याजवळची ओली वाळू घट्ट असते, खळ्यावानी. तिथंच ठोक. वरची भुसभुशीत सोडून दे."

"हाव," ती म्हणाली. गाडी हलली.

ती परतली तेव्हा उन्हाने काळी ठिक्कर पडली होती आणि तिचा आवाज बसला होता. तरी ती थांबेना. अंगणात माणसं मावत नव्हती.

"अवो, त्याले दुसरा काठच नाही! आपल्या वावराले बांध असते, थ्याले बांधच नाही!"

"अन् पानी?"

"खारट जहर! मास्तर नाही म्हनत होते, तरी पोरायनं पेऊन पाह्यलं. म्या बी!"

हशा उसळला.

"पह्यल्याच दिवशी पानी चालत चालत राहुटीत घुसलं नं! चुलीवरचं पिठलं गेलं, भाताचा गंज तरंगत निघाला! पोरं दोर ओढून राह्यले, मास्तर धोतर सांभाळून राह्यले..."

"हसताय काय?" माणिकराव स्वतःही हसत म्हणाले. मग ते कचरूकडे वळले. "अरे, भरती येते, एवढं बायकोला सांगून पाठवायचं होतंस. तू तर पाहिलेला माणूस."

सगळ्या माना वळल्या. कचरू टोपी काढून झटकू लागला.

"यायनं सांगतलं होतं, मास्तर," बनाबाई चटकन म्हणाली. "वरच्या सुक्या वाळूतच ठोक म्हने. माह्याच ध्यानातून गेलं. एवढं पानी पाहून डोस्कं ठिकानावर होतं काय माहं!"

"घ्या!" भिमाबाईने हात उडवला. "नवऱ्याचं बोलनं समुद्रात टाकून आली!"

पुन्हा हशा झाला. बनाबाईही त्यात हसली.

माणसं पांगल्यावर तिने एक राहुटी उन्हात उभी केली आणि तिच्या सावलीत सुपात ज्वारी घेऊन निवडायला बसली. खाकी कापडावर गुडघ्याइतक्या उंचीवर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. कचरूने त्या रेघेवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं. बनाबाईने मान वर केली नाही.

तो तिच्या समोर येऊन बसला. तोही ज्वारीतले खडे वेचू लागला.

"बना," शेवटी त्याने विचारलं, "आवाज कसा असते थ्याचा?"

ती हसली नाही. सुपातली ज्वारी तिने सारखी केली, सूप दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच त्याच्याकडे कलतं केलं. दाणे सरसरत त्याच्यापर्यंत आले, काठाशी थबकले. तिने सूप आपल्याकडे कलवलं. दाणे सरसरत परत गेले.

"असा," ती म्हणाली. "फकस्त थांबत नाही."

कचरूने डोळे मिटले. ती सूप कलवत राहिली.