अर्धा भरलेला पट्टा

सुपरवायझरने खांद्यावर हात ठेवला तसं त्याने चापावरचं बोट काढलं. मशीनगन गप्प झाली. गोळीबार चालू असताना बंदूक कारखान्याच्या चाचणीच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, हा नियम सुपरवायझरनेच केलेला. बंदुकीमागून उठत त्याने कानांवरची झाकणं काढली.

"काय झालं? पट्टा अडकलेला नाही."

"वहिनी बाकावरच कोसळल्या रे. डॉक्टर येईपर्यंत सगळं... चल तू."

त्याची बायको पलीकडच्या शेडमध्ये मशीनगनच्या गोळ्यांचे पट्टे भरायची. दोन कड्या एकमेकींत बसवायच्या, मधून काडतूस सारायचं, की त्या जोडल्या जातात. एक काडतूस केसभर पुढेमागे राहिलं तरी बंदूक अडकते. तिचा पट्टा त्याच्या बंदुकीत कधीच अडकला नव्हता आणि हे ती घरी उठताबसता ऐकवायची. तो कमी बोलतो म्हणून चिडवायची, "अहो, तुम्ही म्हणजे मॅगझीन. तीस गोळ्या सुटल्या की खेळ खलास. मी पट्टा आहे, जोडाल तितकी लांब."

"म्हणूनच नळी तापते," तो म्हणायचा.

तिचं दिवसकार्य आटोपून तो कामावर परतला तेव्हा तिच्या शेजारच्या बाकावरच्या बाईने त्याला दारातच गाठलं. तिला सगळे थोरली म्हणत.

"भावजी, तिचा पट्टा तसाच आहे हो. अर्धाच भरलाय. मी फडकं टाकून ठेवलंय, पण साहेब सोडवा म्हणतात."

शेडची रीतच तशी होती. प्रत्येकीच्या हाताचा दाब वेगळा, म्हणून एकीने भरायला घेतलेला पट्टा दुसरीने पुरा करायचा नाही. सोडवायचा आणि काडतुसं पेटीत परत टाकायची.

तो सुपरवायझरकडे गेला. "आहे तेवढाच चालवतो. अर्धा काय नि पुरा काय, बंदुकीला थोडंच कळतं?"

"आणि अडकला तर? वहिनींच्या नावाला बट्टा लागेल."

"नाही अडकायचा."

सुपरवायझरने मान खाली घातली. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघ. मग मात्र सोडवावा लागेल."

त्याने पट्टा टेबलावर पसरला. ती तपासायची तसाच काडतुसांच्या बुडांवरून अंगठा फिरवत नेला. सगळी एका रेषेत. शेवटचं तेवढं अर्धवट आत गेलेलं. तिचा हात तिथे थांबला होता.

अंगठ्याने रेटलं असतं तर ते बसलं असतं. पट्टा सुरळीत चालला असता, तिचं नाव राहिलं असतं. त्याने अंगठा टेकवला. पितळ गार लागलं. त्याने अंगठा उचलला, पँटला पुसला, पुन्हा टेकवला. जोर काही लागेना.

सुट्टीचा भोंगा झाला. थोरली दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, चालवला का? साहेब विचारतायत."

"नाही," तो म्हणाला. "एक काडतूस बसवायचं राहिलंय."