ओलाव्याचा कौल

भिंत लाल झाली आणि जमलेल्या सगळ्यांनी एकदम हात जोडले.

विट्यात ओढा बुजवून उदयसिंह नावाच्या बिल्डरनं घरांची एक रांग बांधली आहे. त्यातलं एक माझं. शेजारचं रिकामं होतं, ते बघायला त्या दिवशी मानसिंग आला होता. त्याचं कोइमतूरला सोनं गाळायचं, गलाईचं दुकान. तो आणि बायको राजेश्वरी परत तिकडंच जाणार. घरात राहणार होती त्याची आई, मनुबाई. ती दम्याची. चार पायऱ्या चढून ती उंबऱ्यावरच टेकली होती.

बिल्डरनं कौल लावायला नाथाजीबुवांना आणलं होतं. त्यांची पद्धत ठरलेली. भिंतीला चुन्याचा ताजा हात द्यायला सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी येऊन मुठीनं भंडारा मारायचा. हळद पिवळी राहिली तर देवीचा नकार. लाल झाली तर देवीनं कुंकू लावून घर पसंत केलं. देवघराची भिंत खाली गुडघाभर लाल झाली होती.

"बघा," बुवा म्हणाले, "कोरडं घर म्हंजे कोरडं माणूस. जितं ओलावा, तितं माया. म्हातारीला एकटं वाटायचं न्हाई. भिंतच जवळ घेईल तिला."

मनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मानसिंगा, हेच घर घे रं," ती म्हणाली आणि खोकत राहिली.

मी दारात उभा होतो. हेच वाक्य बुवांनी माझ्या बायकोला ऐकवलं होतं. चारुलता तिचं नाव. तिनं आमच्या लाल भिंतीच्या पाया पडून तिथं कपाट लावलं. कपाटामागं काळी बुरशी चढत गेली. साड्यांना वास यायला लागला, मग तिचा खोकला थांबेना. सांगलीच्या डॉक्टरांनी छाती तपासून पहिलं विचारलं, "घरात ओल आहे का?" तोवर उशीर झाला होता. माघात ती गेली. तेराव्याला बुवा येऊन जेवले आणि म्हणाले, देवीनं सवाष्ण जवळ बोलावली. मी तेव्हा त्यांना जाऊ दिलं. मला बुवा अशाच एखाद्या भिंतीसमोर, लोकांच्या देखत हवे होते.

मी आत गेलो. "बुवा, पूजेच्या ताटातलं लिंबू द्या जरा."

"दृष्टीचं लिंबू हाय ते. हात लावू नगं."

मी ते उचललं, दातानं फोडलं आणि लाल भिंतीवर पिळलं. रस ओघळला तिथं हळद परत पिवळी झाली.

"आता काय म्हणतीय देवी?" मी विचारलं. "एवढ्यात मन बदललं व्हय?"

कोपऱ्यात हंबीरराव तंबाखू मळत होते. मी त्यांची चुन्याची डबी मागून घेतली. तळहातावर भंडारा आणि चुना चोळला. हात लालभडक.

"हंबीरराव, देवी खिशात घिऊन फिरताय की तुमी," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

राजेश्वरी पुढं झाली. "आवं, साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की असाच लाल हुतोय."

बुवा हटले नाहीत. "चुना तर सगळ्या भिंतीला हाय. मग वरची हळद पिवळीच का ऱ्हायली? सांग की, शाण्या."

त्यांनी हेच विचारावं म्हणून मी थांबलो होतो. "कोरड्या चुन्यावर कोरडी हळद चढत न्हाई, बुवा. पाणी लागतं. जितं ओल, तितंच लाल. भिंत कुटवर सडलीय ते तुमीच रंगवून दावलं."

मी घराची किल्ली लाल भागात खुपसली. गिलावा ढेकळासारखा पडला. आत चिखलाचा वास होता, ओढ्याचा.

मानसिंग बघत राहिला. "सोनं घेताना काय करतूस?" मी त्याला विचारलं.

"कसाला लावतो. ॲसिड टाकतो."

"आणि कुणी म्हणलं, तपासू नगं, नुसता हात जोड?"

"हाकलून दिईन त्याला."

"मग हितं आईला ठिवताना कसोटी कुटं गेली? लिंबू बी ॲसिडच हाय, गड्या."

त्यानं आईला उठवून बाहेर उन्हात नेलं.

बुवा झोळी उचलून दाराकडे निघाले. मी दार अडवलं. "इतकी माया हाय भिंतीत, तर जरा पाठ टेकून बसा."

"उदयसिंहानं सांगितलं ते केलं मी. जाऊ दे, माफ कर."

"माफी चारूकडं मागायची हुती. तेराव्याचं जेवण बरं गोड लागलं तुमास्नी."

मी माफ केलं नाही, पोलिसांना फोन लावला. पोलीस येईपर्यंत बुवा त्या ओल्या भिंतीला टेकूनच बसले होते. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, त्याखाली तक्रार दिली. मानसिंग साक्षीदार झाला. बिल्डर फोन उचलत नाही, पण मी रोज लावतो.

घर बघायला जाल तेव्हा कौल नको, तळहात भिंतीला लावा. कपाट सरकवायला सांगा, मागं बघा. चुना कालच का दिला ते विचारा. शेजाऱ्याला विचारा, घराआधी इथं काय होतं. जमलं तर भर पावसाळ्यात परत एकदा या. आणि कुणी सांगितलं की ओलावा म्हणजे माया, तर सरळ माझ्याकडे या. चारूचं कपाट मी बाजूला ओढून ठेवलं आहे. तिची भिंत बघा आणि मग काय ते ठरवा.