दारातून पहिला कोण

लोहाऱ्यात सिद्धारामच्या माडीवर टीव्हीला लढाईचा गेम जोडलेला होता. त्यात सिद्धाराम कॅप्टन असायचा; सोबतचे शिपाई कम्प्युटरच चालवायचा, पण त्यांना नावं देता यायची. सिद्धारामनं मित्रांची नावं दिली होती. पडक्या कारखान्याचं दार आलं की तो बटण दाबायचा, आणि डोक्यावर ‘सुगत’ लिहिलेला शिपाई पहिला आत शिरायचा. त्याची छाती फाटायची, रक्त भिंतीवर उडायचं, आणि त्या मढ्यावर पाय देऊन बाकीचे पुढं जायचे.

शेजारी बसलेल्या सुगतनं स्वतःला चौथ्यांदा मरताना पाहिलं.

“दर टायमाला मीच का रं?”

“तुझा गडी लई कामाचा. सांगितलं की निमूट जातो.”

सुगतच्या मस्तकात तिडीक गेली. गल्लीत साप निघाला की पहिली हाक त्याच्याच घरी यायची; असाच एक साप चावून बापाचा अंगठा सडून गेला होता. त्यानं रिमोट हिसकावला, शिपायांना बाहेर थांबवलं आणि सिद्धारामच्या कॅप्टनला एकट्यालाच आत घुसवलं. दोन्ही गुडघे फुटून कॅप्टन कोसळला. सुगत खदखदून हसला.

तेवढ्यात, कुणी न सांगता, ‘सुगत’ आत धावला. कॅप्टनला पट्टी बांधता बांधता त्याच्या पाठीची चाळण झाली. तो मेला, आणि कॅप्टन उठून उभा राहिला.

खालून सिद्धारामच्या आईची हाक आली, “सुगत, कडब्यात साप हाय, काठी घेऊन ये.”

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सुगतला कळलं, की आपण निघालोसुद्धा.