पाणी झालं का?

माझा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ एका घरात राहतात, एका टेबलावर जेवतात आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही धड आठवत नसावं, अबोला मात्र तळहाताच्या फोडासारखा जपलाय. मधल्या मध्ये टपालखातं मी. "त्याला सांग, दिवा बंद कर." "वहिनी, त्यांना सांगा, मी वाचतोय." कान किटले माझे.

म्हणून तर ही मुलाखत. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जागा होती आणि नोकरीबरोबर राहायला दोन खोल्या. दुपारच्या आत पोचले नाही, तर जागा दुसऱ्या बाईला जाणार होती. मला ती हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती.

भाऊजींचं गॅरेज आहे. कालच त्यांनी दारात गाडीची सर्व्हिसिंग केली आणि आज स्वतःच्या कामाची खात्री म्हणून बरोबर आले. गाडी चालवायला नवरा. भाऊजी दादाच्या शेजारी बसणार नाहीत, म्हणून मी पुढे, ते मागे.

गाव मागे पडून फार वेळ झाला नव्हता, तोच इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर चढला. नवऱ्याने हीटर लावला, म्हणे इंजिनाची उष्णता बाहेर पडते. ती सगळी माझ्या अंगावर पडली. घामाने इस्त्रीच्या ब्लाउजची पार वाट लागली. मग बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी कठड्याला लागून उभी राहिली. डावीकडे कठडा, उजवीकडे ट्रक. दार उघडायचीसुद्धा सोय नव्हती.

"त्याला विचार, पाणी भरलं होतं ना?"

"वहिनी, त्यांना सांगा, मी रेडिएटरचं जुनं पाणी काढत होतो, तेवढ्यात ते गाडी आत घेऊन गेले. मला वाटलं, त्यांनीच भरलं."

"मी विचारलं होतं! खिडकीतून. पाणी झालं का म्हणून."

विचारलं होतं खरं. पण माझ्याकरवी. मी तेव्हा भाऊजींसमोर पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते, प्रश्न तसाच पुढे केला. त्यांनी घटाघटा पाणी पिऊन ग्लास परत दिला आणि म्हणाले, "झालं." मी आत ओरडून सांगितलं, "झालं!"

मला हसू आलं आणि रडूही. कप्पाळ माझं!

ट्रकांची रांग जरा तुटली, तसा नवरा उजवीकडून तणतणत उतरला. मागोमाग भाऊजी, त्यांच्यामागे मी, ट्रकांचा धुरळा खात. त्याने बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"दादा, हात काढ! भाजशील!"

नवऱ्याने हात मागे घेतला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"थंड होऊ दे आधी," भाऊजी हळूच म्हणाले.

"बरं," नवरा म्हणाला.

मला इतका आनंद झाला की घड्याळ बघायचंच विसरले. इंजिन निवल्यावर दोघांनी पिण्याच्या बाटल्या आत रिकाम्या केल्या. खांद्याला खांदा लावून वाकले होते.

"एवढ्यावर पुढे जाईल?"

"रिस्क नको, दादा. सावकाश घरी नेऊ."

"मग चल घरी. तू पुढे बस, काट्यावर लक्ष ठेव."

"माझी मुलाखत आहे," मी म्हणाले. एक ट्रक गेला. मी पुन्हा म्हणाले.

दोघं बोलत होते, एक वाक्य संपायच्या आत दुसरं. मी मागच्या सीटवर बसले. आता कोणाला कोणाचं काही सांगायचं नव्हतं, म्हणून मला कोणी काही विचारलंच नाही.